वणीचे जनरल सुपरिंटेंडेंट

"मी सगळ्यात खाली काहून?" दादारावांनी विचारलं.

समोर भिंतीवर प्रोजेक्टरने एक झाड उमटलं होतं. खोड, फांद्या, फांद्यांवर पानं. पानांच्या जागी माणसांची पदं. आणि अगदी तळाला, जिथे मुळं होती, तिथे लिहिलं होतं, 'प्रेसिडेंट'. त्या शब्दाशेजारी मी आदल्या दिवशी कंसात 'दादाराव' असं टाकलं होतं.

"दादाराव, मुळाशी आहात तुम्ही. झाडाला सगळं मुळातून मिळतं," मी म्हटलं.

"थे ठीक हाय. पन खालीच ना? आमच्या वखारीतला वॉचमन वर अन् मी खाली?"

त्यांच्या डाव्या हाताला थोरला मुलगा प्रशांत बसला होता, उजव्या हाताला जावई विलासराव. दोघेही गंभीर चेहऱ्याने झाडाकडे पाहत होते. आपण कुठल्या फांदीवर आहोत ते शोधत होते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझा धंदा आधी सांगते. मी यवतमाळला राहते आणि छोट्या-मध्यम कंपन्यांना कामाची रचना बसवून देते. कोणी काय करायचं, कोणी कोणाला विचारायचं आणि मुख्य म्हणजे काय विचारायचंच नाही, हे ठरवून देते. माझ्या सासूबाईंच्या मते हे काम घरातली कोणतीही शहाणी बाई फुकट करते. त्यांचं फारसं चुकत नाही.

दादारावांचा वणीला कोळसा वाहतुकीचा धंदा आहे. खाणीतून कोळसा उचलायचा, काट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी तोलायची आणि माल कारखान्यात नेऊन ओतायचा. पहिला ट्रक त्यांनी स्वतः चालवला. आता आवारात टिपर, म्हणजे माल मागून ओतणारे ट्रक, लावायला जागा पुरत नाही. पण प्रत्येक ड्रायव्हरकडे नंबर मात्र एकच, दादारावांचा. टायर फुटला की दादारावांना फोन. काट्यावर रांग लागली की दादारावांना फोन. घरी पोराला ताप आला, तरी त्यांनाच.

मग त्यांना हृदयाचा त्रास झाला आणि नागपूरला अँजिओप्लास्टी करावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नर्सला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "माय, माझा फोन आन व, काट्यावर गाड्या उभ्या असतीन." डॉक्टरांनी हात जोडले. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी सुमनताईंनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, या मानसाचा फोन सोडवा. दुसरं मले काही नको," त्या म्हणाल्या. इतकं स्पष्ट काम मला कोणत्याही गिऱ्हाइकाने आजवर सांगितलेलं नाही.

अशा वेळी मी एक गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत एक रेल्वे कंपनी होती. लाइन लहान होती तोवर तिचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे गाड्यांचा कारभार पाहणारा मोठा अधिकारी, सगळं डोळ्यांनी पाहायचा. गाडी कुठे आहे, ड्रायव्हर कोण आहे, पूल धड आहे का. मग लाइन वाढत शेकडो मैलांची झाली. एकेरी रूळ, समोरासमोर येणाऱ्या गाड्या. मुख्य कचेरीत बसलेल्या साहेबाला काहीच दिसेना, आणि तरी सगळे त्यालाच विचारत. लाइन जितकी लांब, तितका तोटा जास्त.

तेव्हा एका सुपरिंटेंडेंटने कंपनीचा तक्ता काढला. तो झाडासारखा होता. मुळाशी प्रेसिडेंट आणि संचालक. वर खोड, मग फांद्या. प्रत्येक फांदी म्हणजे लाइनीचा एक तुकडा, त्यावर एक डिव्हिजन सुपरिंटेंडेंट. टोकाला स्टेशन एजंट, गार्ड, इंजिनवाले. बातमी टोकाकडून तारेने मुळाकडे यायची. पण रोजचा निर्णय त्या त्या फांदीवरच घ्यायचा. गाडी ज्याच्या हद्दीत, निर्णय त्याचा. प्रेसिडेंटला झोपेतून उठवायचं नाही.

मी हेही सांगितलं की ते साहेब काही संत नव्हते. त्यांच्या नियमांचा जाच इतका होता की इंजिन चालवणाऱ्यांनी संप केला. तक्ता कितीही सुंदर असला तरी त्यात माणसं असतात, ही त्यातली शिकवण.

माझं बोलणं संपलं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांतने वहीत पाच पदं लिहिली होती. प्रेसिडेंट. व्हाइस-प्रेसिडेंट. जनरल सुपरिंटेंडेंट. डिव्हिजन सुपरिंटेंडेंट. स्टेशन एजंट. संपाचं काही लिहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी गेले तर पदांचं वाटप झालेलं होतं. प्रशांत व्हाइस-प्रेसिडेंट. त्याने पुण्यात दोन वर्षं मॅनेजमेंट केलेलं, त्यामुळे त्यावर वाद नव्हता. वाद झाला तो विलासरावांच्या पदाचा. आधी त्यांना 'मॅनेजर' म्हणायचं ठरलं होतं.

"मॅनेजर तं लॉजवरबी असते," विलासराव मला म्हणाले. "जनरल सुपरिंटेंडेंट पायजे. एसपी म्हनजे काय असते? सुपरिंटेंडेंटच ना? अन् मी तं जनरल."

जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांपेक्षा आपण एका शब्दाने मोठे, असा त्यांचा हिशेब होता. मी वाद घातला नाही. सासऱ्याच्या धंद्यात जावयाला काय म्हणायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या त्या साहेबालाही सुटला नसता.

डिव्हिजन सुपरिंटेंडेंट झाले शकीलभाई. वर्कशॉपचे फोरमन. दादारावांच्या पहिल्या ट्रकपासूनचे साथीदार. त्यांना पितळी पाटी दिली तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "मॅडम, ये लय मोठं झालं. बोलेपर्यंत गाडी पंढरकवड्याला पोचन," ते म्हणाले. आणि गाड्यांचे फोन घेणारी सोनाली झाली स्टेशन एजंट. ती फक्त "बरं" म्हणाली.

मी प्रत्येकाच्या अधिकारांचा एक कागद केला होता. त्यातलं पहिलंच वाक्य होतं: गाडी थांबवायची की नाही, हे गाडीजवळचा माणूस ठरवेल. प्रशांतने कागद चाळला. "मॅडम, हे ओपन-एंडेड होतं. मिसयूज होईल. ड्रायव्हर लोक कुठेही थांबतील," तो म्हणाला. विलासरावांनी मान हलवली. GPS वर गाडी मधेच थांबलेली दिसली की त्याला 'अनधिकृत थांबा' म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. थांबायचं असेल तर ड्रायव्हरने कंट्रोल रूमला, म्हणजे सोनालीला, फोन करायचा. कंट्रोल रूम जनरल सुपरिंटेंडेंटना विचारेल. माल वेळेत पोचणार नसेल तर ते व्हाइस-प्रेसिडेंटना विचारतील. दादारावांना किंवा शकीलभाईंना थेट फोन करायचा नाही.

"प्रोटोकॉल," प्रशांत म्हणाला.

"अहो, पण मी सांगितलेल्या गोष्टीच्या हे बरोबर उलटं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, पप्पांचा फोन तर बंद झाला ना? ऑब्जेक्टिव्ह अचीव्ह झालं."

ते खरं होतं. दादारावांचा फोन आता सुमनताईंच्या कपाटात होता. मी माझा विरोध नीट लिहून दिला आणि निघाले. सल्लागाराचं काम सल्ला देण्याचं असतं. गाडीची किल्ली त्याच्याकडे नसते.

दिवाळीनंतर नव्या ऑफिसच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. वेचणीचे दिवस. वणीच्या रस्त्याला दोन्हीकडे कापूस फुटलेला, पण रस्त्यालगतची बोंडं कोळशाच्या धुळीने राखाडी झालेली. ऑफिसात शिरताना मी भिंतीवरचा फ्लेक्स पाहिला आणि जागीच थांबले. झाड तेच होतं. फक्त उलटं छापलेलं होतं. मुळं वर, फांद्या खाली. मुळांत प्रेसिडेंट म्हणून दादारावांचा फेट्यातला फोटो, आणि झाड छताला टांगल्यासारखं खाली लोंबत होतं. पानं जमिनीकडे. सगळ्यात खालच्या पानांवर ड्रायव्हर.

"आता बराबर हाय," विलासराव म्हणाले. त्यांनी कोट घातला होता.

पूजा झाली. नारळ फुटला. पाहुण्यांमध्ये दुसरे ट्रान्सपोर्टवाले होते, दोन नगरसेवक होते, कारखान्याचे एक साहेब होते. भाषणं सुरू झाली. स्टेजवर दादाराव मधोमध, त्यांच्या एका बाजूला प्रशांत, दुसऱ्या बाजूला विलासराव. टोकाला शकीलभाई, नवा शर्ट आणि गळ्यात हार. मी पहिल्या रांगेत सुमनताईंजवळ बसले होते.

प्रशांत बोलायला उभा राहिला. अमेरिकेतल्या त्या रेल्वेची गोष्ट त्याने सांगितली, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली. सुपरिंटेंडेंट, तारा, फांद्या, सगळं. तेवढ्यात मला सोनाली दिसली. ती कानाला फोन लावून स्टेजच्या कडेने वाकून आली आणि विलासरावांच्या कानाशी काही बोलली. विलासरावांनी हाताने 'थांब' अशी खूण केली. ती थांबली. मग परत गेली.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. या वेळी विलासराव तिला हळू आवाजात काही म्हणाले आणि त्यांनी प्रशांतकडे बोट दाखवलं. प्रशांत माइकवर होता. सोनाली त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने वाक्य पुरं केलं, मान मागे वळवली, ऐकलं आणि म्हणाला, "फॉरमॅटमध्ये मेसेज टाक." माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. पाहुण्यांना वाटलं, काय शिस्त आहे.

सोनाली खाली उतरली तेव्हा मी तिला हाताने थांबवलं.

"काय झालं गं?"

"मॅडम, दिलीपभाऊंचा फोन हाय. मागच्या चाकातून धूर निघून राह्यला म्हनते. थांबू का विचारून राह्यले."

"थांबू का म्हणजे? गाडी चालू आहे?"

"हळू हळू चालवून राह्यले म्हने. परवानगी आली की थांबतो म्हनले."

हे जरा समजावून सांगते. टिपरचा ब्रेक कधी कधी दाबल्यावर परत सुटत नाही. चाक फिरतं आणि ब्रेकही त्याला घट्ट धरून असतो. घासून घासून ते इतकं तापतं की टायर पेटतो. यावर पहिला उपाय म्हणजे लगेच थांबणं. दुसरा उपाय मेकॅनिक. चालत राहणं हा उपाय नाही.

"थांबव म्हणावं त्याला! आत्ता!" मी म्हटलं.

"पन मॅडम, तुमी तं चार्टमंधे नाई," सोनाली म्हणाली. पोरीचा दोष नव्हता. तिने मला खरोखरच भिंतीवर शोधलं असणार.

मी तिच्या हातातून फोन घेतला. कानाला लावला तर त्यात संगीत वाजत होतं. मग एक बाई हिंदीत म्हणाली की आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है. कंट्रोल रूमच्या नव्या यंत्रणेने दिलीपला होल्डवर ठेवलेलं होतं, आणि ते संगीत दोन्हीकडे वाजत होतं. ते कसं काढायचं ते मला येईना. सोनालीने एक बटण दाबलं, तोवर फोन कटला होता.

मी सरळ स्टेजवर गेले आणि शकीलभाईंना सांगितलं. ते हार काढता काढताच उठले. "कुठं हाय?" त्यांनी विचारलं. नदीच्या पुलाच्या अलीकडे, सोनालीने सांगितलं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून दिलीपला लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

दादारावांनी हे सगळं पाहिलं होतं. प्रशांतचं भाषण अजून चालू होतं. ते उठले, माइकसमोरून आडवे गेले, खाली उतरले आणि सुमनताईंना म्हणाले, "गोळी दे."

त्यांनी गोळी दिली. जाऊ नका असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी जा संगं."

जीप शकीलभाईंनी चालवली. दादाराव पुढे. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, कारण ती लाल झाली होती आणि जवळचं हॉस्पिटल कुठे, हे मी मनात ठरवत होते. पुलाआधीच्या वळणावर धूर दिसला. काळा, जाड. टायरचा धूर कोळशासारखा नसतो, तो लोळ लोळ उठतो.

टिपर रस्त्याच्या कडेला तिरपा उभा होता. मागची चाकं पेटलेली, आग डाल्यापर्यंत, म्हणजे कोळशाच्या हौद्यापर्यंत, चढलेली. नगरपालिकेचा बंब आमच्या मागोमाग आला. तो शकीलभाईंनी वाटेतून बोलावला होता. त्यासाठी त्यांनी कोणालाही विचारलं नव्हतं. शेतातल्या वेचणीच्या बाया कापसाची गाठोडी उचलून दूर पळत होत्या.

दिलीप बांधावर बसला होता. चाळिशीचा माणूस, राळेगावकडचा. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, कोणीतरी त्यावर ओलं फडकं टाकलेलं. टायरवर माती टाकायला गेला आणि हात पोळला, असं बायांनी सांगितलं.

दादाराव त्याच्यासमोर उकिडवे बसले. आधी हात पाहिला. मग त्याच्यावर ओरडले. ते ओरडणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते सगळं काळजीचं होतं.

"लेका, धूर दिसला तवाच काहून नाई थांबला? कायले चालवत राह्यला?"

"परवानगी नव्हती आली, मालक."

"कोनाची परवानगी?"

दिलीप विचारात पडला. त्याला खरंच आठवत नव्हतं. "नावं मोठे हायेत ना मालक. पाठ नाई झाले," तो म्हणाला. "मागं संतोष ड्रायव्हरनं गाडी थांबवली तं त्याले नोटीस आली. म्हनलं, आपुन इचारूनच घेऊ. चार डाव फोन लावला. बाई म्हने महत्वपूर्ण हाय."

बसल्या बसल्या दादारावांनी जमिनीला हात टेकला, तेव्हा मी धावले. पण तसं काही नव्हतं. ते उठायला आधार घेत होते. उठून ते आगीकडे पाहत उभे राहिले. ती गाडी दादारावांनी स्वतः जाऊन विकत आणली होती, असं शकीलभाई मला हळूच म्हणाले. मग दोघांनी मिळून दिलीपला जीपमध्ये बसवलं आणि आम्ही हॉस्पिटलला गेलो. हात बरा होईल, डॉक्टर म्हणाले. वेळ लागेल.

हॉस्पिटलच्या दारात प्रशांत आणि विलासराव पोचले. विलासरावांच्या कोटावर अजून गुलाल होता.

"पप्पा, मला प्रॉपर रिपोर्टच आला नाही," प्रशांत म्हणाला.

"मी फॉरवर्ड केला होता," विलासराव म्हणाले.

दादारावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आत जा. त्याचं नाव दिलीप हाय. त्याच्याजवळ बसा. पद सांगू नका," ते म्हणाले.

प्रशांत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, आणि पुढचे बरेच दिवस तो इंग्रजी कमी बोलला. मुलगा वाईट नव्हता. गाडी कधी स्वतः चालवलेली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दादारावांनी सगळ्या ड्रायव्हरांना आवारात बोलावलं. मीही होते. माझ्या कागदातलं पहिलं वाक्य त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. "गाडीत कोन बसला हाय? तू. मंग थांबाचं का नाई, थे मले काहून इचारतं? आगोदर थांब, मंग सांग. थांबल्यापायी कोनाले नोटीस येनार नाई."

पहिला आठवडा प्रशांत म्हणाला होता तसाच गेला. गाड्या वाटेल तिथे थांबल्या. एकाला चाकात आवाज आला, तो नेमका धाब्यासमोर. दुसऱ्याला इंजिन गरम वाटलं, तेही सासुरवाडीच्या गावात. विलासराव रोज मला GPS चे स्क्रीनशॉट पाठवायचे, खाली काही न लिहिता. शकीलभाईंनी मग एकच केलं. थांबलेल्या प्रत्येक गाडीकडे ते स्वतः जायला लागले. ते येणार म्हटल्यावर खोटे आवाज आपोआप बंद झाले.

आणि मग एक गोष्ट झाली, जिची मी खरंच अपेक्षा केली नव्हती. दादारावांचा फोन त्यांना परत मिळाला, पण तो वाजेना. ड्रायव्हर ज्या गोष्टी विचारायला फोन करायचे, त्यातल्या बहुतेक थांबू का, वळू का, उभा राहू का, अशाच होत्या. ते विचारणं संपलं आणि फोन गप्प झाला. सुमनताईंनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. दादाराव दोन दिवस बेचैन होते. फोन बिघडला असं समजून त्यांनी तो दुकानात दाखवूनही आणला.

पदं हळूहळू गेली. भिंतीवरचा फ्लेक्स कोणी काढला, ते मी विचारलं नाही. विलासराव आता सगळ्यांचे विलासभाऊ आहेत आणि काट्यावरची रांग सांभाळतात. ते काम ते उत्तम करतात, कारण तिथे ओरडावं लागतं. फक्त शकीलभाई एकदा माझ्याकडे येऊन संकोचत म्हणाले, "मॅडम, माझं पद थोडे दिवस ऱ्हाऊ द्या. लडकीच्या रिश्त्याची बात चालू हाय. कार्ड दिलं का सामनेवाले खुर्ची देऊन राह्यले." त्यांचं पद आम्ही निकाहपर्यंत ठेवलं. त्या सगळ्या योजनेतून कोणाचा निव्वळ फायदा झाला असेल तर तो त्यांचा.

यानंतर दुसऱ्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनी मला बोलावलं. दोघेही त्या उद्घाटनाला पाहुणे होते. गाडी जळाली ते त्यांना माहीत होतं, पण प्रशांतचं भाषण त्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. "ते अमेरिकन रेल्वेवालं आम्हाला पण करून द्या. पदं तेवढी वेगळी ठेवा, त्यांच्यासारखी नको," त्यांनी सांगितलं.

मी आता अमेरिकेची गोष्ट सांगत नाही. पहिल्या भेटीत मी एकच विचारते: तुमच्याकडे कोणालाही न विचारता गाडी कोण थांबवू शकतं? मालक छातीवर हात ठेवून "मी" म्हणाले, की मी वही उघडते. तिथे काम आहे.